नैरोबी दलदलीत का वसलं, आणि तिथून हललं का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "नैरोबीबद्दल जिथे तिथे एकच गोष्ट वाचायला मिळते. इंग्रजांनी दलदलीत रेल्वेचा तळ टाकला आणि पुढे त्याचीच केनियाची राजधानी झाली. जागा इतकी वाईट होती तर शहर वेळीच हलवलं का नाही? आणि समुद्रसपाटीपासून जवळपास 1,700 मीटर उंचीवरच्या शहरात पूर येतोच कसा?"

मी सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची कामं करतो. त्यातली अकरा वर्षं नैरोबीत गेली. त्यामुळे माझं उत्तर इतिहासाच्या प्राध्यापकासारखं नसेल. हे शहर मी बरंचसं चरात उतरून, लेव्हल घेता घेता वाचलं आहे. पण तुम्ही विचारलेले हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, असं मला अनुभवावरून वाटतं. शहर तिथे का आहे हे कळलं, की पाणी कुणाच्या घरात शिरतं तेही कळतं.

आधी 'वाईट जागा' या शब्दांपाशी थांबू. जागा चांगली की वाईट हे ती कशासाठी हवी आहे त्यावर ठरतं. मोंबासाहून निघालेली युगांडा रेल्वे 30 मे 1899 रोजी इथे पोचली. समुद्रापासून सव्वापाचशे किलोमीटर झाले होते. पुढे काय होतं? लगेच किकुयू डोंगराचा चढ. पन्नास-साठ किलोमीटरांत जवळपास सातशे मीटर वर चढायचं, आणि मग रिफ्ट व्हॅलीच्या खोल खोऱ्यात उतरायचं. तो उतार इतका अवघड होता की कायमचा मार्ग तयार होईपर्यंत डबे दोरखंडाच्या आधाराने उतारावरून खाली सोडावे लागले. असं काम समोर असलेल्या इंजिनिअरला चढाच्या पायथ्याशी काय लागतं ते बघा: डबे उभे करायला, रूळ पसरायला, वर्कशॉप बांधायला सपाट जमीन, आणि इंजिनांना पाणी. दोन्ही गोष्टी इथे होत्या. मसाई लोक या जागेला 'एन्कारे नैरोबी' म्हणत, म्हणजे थंड पाणी. मुख्य इंजिनिअर जॉर्ज व्हाइटहाउस यांनी त्याच वर्षी रेल्वेचं मुख्यालय मोंबासाहून इथे आणलं. रेल्वेच्या हिशेबाने निर्णय बरोबरच होता. त्या पट्ट्यात यार्डासाठी मी जागा शोधली असती तर मीसुद्धा तिथेच बोट ठेवलं असतं.

मात्र यार्डाला जी सपाटी हवी असते, तीच वस्तीला नको असते. सपाट म्हणजे उतार नाही, आणि उतार नाही म्हणजे निचरा नाही. पुढची सव्वाशे वर्षं हीच अडचण पुरली आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तुम्ही वाचलेल्या लेखांत ती बहुधा चुकीची असेल. ही जागा 'रिकामी' नव्हती. मसाई इथे गुरं पाण्यावर आणत. वरच्या जंगलकाठावर किकुयू शेती करत. दोघांची देवाणघेवाण याच सीमेवर चाले. 1890 च्या दशकात गुरांवर बुळकांड्या रोगाची साथ आली, माणसांत देवीची आली, आणि वर दुष्काळ पडला. गोऱ्यांनी जी मोकळी कुरणं पाहिली ती या आपत्तींनी मोकळी झालेली होती. 'कुणाचीच जमीन नव्हती' हे वाक्य तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या किकुयू माणसासमोर म्हणून बघा, मग त्याचं वजन कळेल.

आता प्लेग. शहर हलवावं अशी मागणी खरोखर झाली होती आणि ती प्लेगमुळेच झाली. 1902 मध्ये इंडियन बाजारात प्लेगचे रुग्ण सापडले. ते ओळखणारे डॉक्टर गोव्याचे होते: डॉ. रोझेंदो आयरेस रिबेरो. ते 1900 मध्ये नैरोबीत आले होते, गावातले पहिले खासगी डॉक्टर. माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून ते रुग्ण तपासायला जात. त्यांचा तसा फोटो आजही बघायला मिळतो. बाजार म्हणजे पत्र्याच्या आणि लाकडाच्या दुकानांची रांग होती. दाटी मोठी, मागे उकिरडा, गटार नाही. अधिकाऱ्यांनी तो सगळा बाजार जाळून टाकला. पुण्यातल्या 1897 च्या प्लेगमध्ये काय काय झालं हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं, त्यामुळे घरावर सरकारी आग चालून येण्याची भीती मी वेगळी समजावून सांगत नाही. तेव्हा मुंबई-मोंबासा जहाजं नियमित होती आणि नाणंसुद्धा आपलाच रुपया होता. मुंबईतल्या प्लेगच्या सावटामुळे रेल्वेचे मजूर मुख्यतः कराचीहून चढवले गेले, बहुतेक पंजाबातले. सुमारे 32 हजार लोक आले. अडीच हजारांच्या आसपास मेले, पावणेसात हजारांच्या आसपास तिथेच राहिले.

प्लेग पुन्हा आला. डॉक्टर मंडळींनी लेखी सांगितलं की ही जागा आरोग्याला वाईट आहे, वस्ती वर टेकडीकडे न्या. मग हलवलं का नाही? माझ्या कामात हा प्रसंग मी लहान प्रमाणात अनेकदा पाहिला आहे. नाल्याच्या तोंडाशी कुणीतरी तात्पुरती शेड टाकतं. पुढच्या वर्षी तिला वीज येते, मग नळ, मग शेजारी दुकान. तिसऱ्या वर्षी शेड हलवायचा खर्च नाला वळवण्यापेक्षा जास्त होऊन बसतो. नैरोबीत नेमकं हेच झालं. रेल्वेवर सुमारे 55 लाख पौंड खर्च झाले होते. वर्कशॉप, यार्ड, गोदामं, कचेऱ्या उभ्या होत्या. प्रांताधिकारी जॉन एन्सवर्थ 1899 मध्येच आपलं ठाणं माचाकोसहून इथे घेऊन आले होते आणि 1905 मध्ये तर मोंबासाहून राजधानीच इथे आली. 1907 मध्ये वसाहत खात्याचे उपमंत्री म्हणून आलेल्या विन्स्टन चर्चिल यांनी जागा पाहून लिहिलं की आता बदलायला उशीर झाला आहे. गावाला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती.

पण एवढ्यावर थांबलं तर उत्तर अर्धंच राहील. निर्णय घेणाऱ्यांना शहर हलवायची गरजच उरली नव्हती, कारण ते स्वतः हलले होते. रेल्वेचे आणि सरकारी गोरे अधिकारी पश्चिमेच्या टेकडीवर राहायला गेले. खाली यार्डाजवळ बाजार, त्यामागे हिंदी वस्ती, आणि पूर्वेच्या सपाटीवर मजूर. माझ्या दृष्टीने नैरोबीच्या इतिहासाचा गाभा हाच आहे. ज्यांच्या हातात शहर हलवायची सत्ता होती, त्यांच्या घरात पाणी येतच नव्हतं.

हे नुसतं वाक्य म्हणून सोडत नाही, जमिनीवर दाखवतो.

नैरोबीच्या पश्चिमेला आणि उत्तरेला तांबडी माती आहे. लॅव्हिंग्टन, मुथायगा, वेस्टलँड्स, कारेनचा बराच भाग. मी लॅव्हिंग्टनमध्ये दोन मीटर खोल चर खणला आहे. भिंती सुरीने कापल्यासारख्या उभ्या राहतात, पाऊस झाला की पाणी मातीत मुरतं, दुसऱ्या दिवशी चपला घालून चालता येतं. शोषखड्डा तिथे वर्षानुवर्षं निमूट काम करतो. पूर्वेला आणि दक्षिणेला काळी माती. तिच्याबद्दल मराठी माणसाला काय सांगायचं! सोलापूर-लातूरकडची आपली रेगूर, तशीच. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगलेला चिखल, बुटाला दोन-दोन किलो चिकटणारा. एम्बाकासीजवळच्या एका चरात सकाळी आखलेली रेघ दुपारच्या सरीनंतर कुठे गेली ते सापडेना. शोषखड्डा तिथे खड्डाच राहतो, शोषत काही नाही. भरला की वर येतो. तिथे बांधायचं तर काळी माती काढून मुरूम भरायचा आणि दबाई करायची. केनियातही या भरावाला 'मरम' म्हणतात आणि कच्च्या रस्त्याला मरमचा रस्ता. हा शब्द हिंदुस्थानातल्या बांधकामावरूनच तिकडे गेलेला आहे. पहिल्यांदा तो साइटवर ऐकला तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. एका खासगी ठेकेदाराने खर्च वाचवायला ही अदलाबदल वरवर केली. दोन पावसाळ्यांत घराची फरशी मधोमध उचलली गेली आणि दारं लागेनात. राहणाऱ्या कुटुंबाने आयुष्यभराची पुंजी त्या घरात घातली होती. तो दिवस मी विसरलेलो नाही.

आता या मातीच्या नकाशावर जुन्या वसाहतीचा नकाशा ठेवा. तांबडी माती, उंच जागा, सावली: गोऱ्यांची. मधला पट्टा, न्गारा आणि पार्कलँड्स: हिंदी लोकांचा. काळी माती, सखल भाग, यार्डाचा धूर: आफ्रिकन लोकांचा. मुथुरवा, पुमवानी, कारिओकोर, शाउरी मोयो, झिवानी या वस्त्या तिकडे आहेत. कारिओकोर हे नाव पहिल्या महायुद्धातल्या आफ्रिकन हमालांच्या 'कॅरिअर कोअर' या पथकावरून आलं. स्वाहिली थोडी शिकलात तर नावंच बोलायला लागतील. 'किलिमानी' म्हणजे टेकडीवर. ती पश्चिमेला. 'झिवानी' म्हणजे तळ्यात. ती पूर्वेला. मथारे नदीकाठच्या वस्तीत 'बोंडेनी' आहे, म्हणजे खोऱ्यात. पाण्याची पातळी लोकांनी नावांतच लिहून ठेवली आहे.

ही वाटणी आपोआप झाली नाही. 1913 मध्ये सर विल्यम सिम्प्सन यांनी आरोग्याच्या नावाखाली वंशवार वेगळ्या वस्त्या ठेवाव्यात अशी शिफारस केली. हे गृहस्थ आधी कोलकात्याचे आरोग्याधिकारी होते. रोग उंदीर-पिसवांमुळे पसरतो, उकिरडा उचलला आणि गटार बांधलं की आटोक्यात येतो, हे तोवर कळलेलं होतं. गटारापेक्षा कुंपण स्वस्त पडतं, म्हणून कुंपण निवडलं गेलं. 1923 मध्ये शहरांतल्या वंशवार वस्त्यांचं धोरण कागदावर सोडून दिलं तरी जमिनीच्या खरेदीखतांतल्या अटींनी तेच काम चालू ठेवलं. आफ्रिकन पुरुषाला गळ्यात डबी लटकवून त्यात 'किपांडे', म्हणजे ओळखपत्र, बाळगावं लागे. शहराच्या लेखी तो कामापुरता आलेला पाहुणा होता, म्हणून त्याच्यासाठी घर नाही, एका खोलीत खाटेपुरती जागा. बायका-मुलं धरलेलीच नव्हती. ज्याला रहिवासी धरलं नाही त्याच्यासाठी गटार कोण धरणार? मी जुन्या पूर्व भागातल्या वाहिन्या दुरुस्त करताना हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. नळीचा व्यास एकेकट्या मजुरांच्या चाळीपुरता, आणि आज तिच्यावर तीन-चार पट कुटुंबांचा भार.

लोकांनी हे गप्प बसून सोसलं असंही नाही. मार्च 1922 मध्ये किकुयू नेते हॅरी थुकू यांच्या अटकेविरुद्ध पोलिस ठाण्यासमोर जमलेल्या गर्दीवर गोळीबार झाला. पुढे सरसावलेल्या मुथोनी न्यान्जिरू यांचं नाव तिथे आजही आदराने घेतात. 30 मार्च 1950 रोजी नैरोबीला राजेशाही सनदेने 'शहर' हा दर्जा मिळाला तेव्हा पंजाबातून गेलेले कामगारनेते माखन सिंग यांनी त्या सोहळ्यावर बहिष्काराची हाक दिली. त्यानंतर ते अकरा वर्षं स्थानबद्ध होते. गोव्याच्या वंशाचे, नैरोबीतच जन्मलेले पिओ गामा पिंटो स्वातंत्र्यलढ्यात उतरले, तुरुंगात गेले, आणि स्वातंत्र्यानंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारी 1965 मध्ये, त्यांची नैरोबीत घराच्या दारात हत्या झाली. आपल्याकडे या दोघांची नावं फार कमी लोकांना माहीत आहेत आणि याचं मला वाईट वाटतं.

इथवरचं थोडक्यात: यार्डासाठी जागा योग्य होती, वस्तीसाठी नव्हती. हलवायला पहिली आठ-दहा वर्षंच मिळाली, आणि त्या काळात ज्यांच्या हातात निर्णय होता ते टेकडीवर सुखरूप होते.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर माझा नियम फारच सरळ वाटेल. किबेरा ही मोठी झोपडपट्टी नैर्ऋत्येला आहे, म्हणजे माझ्या हिशेबाने 'चांगल्या' बाजूला. ती जागा ब्रिटिश सैन्यात लढलेल्या सुदानी, न्यूबियन शिपायांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राहायला दिली होती. त्यांच्या भाषेत 'किब्रा' म्हणजे जंगल. दिली, पण नावावर केली नाही. पिढ्यान् पिढ्या कागद नसल्यामुळे पक्कं बांधकाम नाही, वाहिनी नाही. 2017 मध्ये न्यूबियन समाजाला 288 एकरांचा सामुदायिक हक्क मिळाला. म्हणजे पाण्याचं नशीब एकट्या मातीवर ठरत नाही. सातबारा कुणाच्या नावावर आहे, तेही तितकंच मोजावं लागतं.

12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला. त्यानंतर आफ्रिकन लोकांवरची शहरबंदी राहिली नाही आणि लोक आले. त्याच वर्षी शहराची हद्द एकदम वाढून 690 चौरस किलोमीटरच्या आसपास गेली. 1948 मध्ये लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत होती, 2019 च्या जनगणनेत 43,97,073. नदीकाठची खोरी, जुन्या दगडखाणी, यार्डालगतच्या पट्ट्या, जिथे कुणी हाकलत नव्हतं तिथे घरं उभी राहिली. 1970 च्या दशकात दांडोरामध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सुमारे 6,000 भूखंड पाणी आणि शौचालयाच्या जोडणीसह आखले गेले. आधी गटार, मग घर, हा क्रम मला आजही योग्य वाटतो. तो पुढे मोठ्या प्रमाणावर चालू राहायला हवा होता.

आता पूर. 1,700 मीटर ही समुद्रापासूनची उंची आहे, आणि पाणी समुद्राकडे बघून वाहत नाही. ते शेजारच्या सखल जागेकडे बघतं. पश्चिमेला दागोरेट्टी सुमारे 1,800 मीटरवर, पूर्वेला विमानतळ सुमारे 1,620 वर. म्हणजे शहराच्या आतच जवळपास 180 मीटरचा उतार आहे आणि पाऊसही वरच्या बाजूला जास्त पडतो. नैरोबी, मथारे आणि न्गोंग या नद्या तिकडून येतात आणि पूर्वेला, जिथे जमीन सपाट आणि काळी होते तिथे, त्यांचा वेग मरतो. त्यात गेल्या वीस वर्षांत वरच्या भागातले बंगले पाडून दहा-दहा, पंधरा-पंधरा मजले चढले. जी तांबडी माती पाऊस पिऊन घ्यायची तिच्यावर आता काँक्रीट आणि पार्किंग आहे. पाणी मुरायच्या ऐवजी धावतं. मी ज्या नाल्यांची गणितं सुरुवातीच्या वर्षांत केली होती ती पुढे पुन्हा मांडावी लागली, कारण तोच पाऊस निम्म्या वेळात खाली पोचायला लागला होता.

2024 च्या मार्च ते मेच्या मोठ्या पावसात मथारे आणि मुकुरू या नदीकाठच्या झोपडपट्ट्यांत माणसं वाहून गेली. त्यानंतर सरकारने नदीकाठची हजारो घरं पाडली. नियमाप्रमाणे काठापासून 6 ते 30 मीटर पट्टा मोकळा हवा, आणि तो हवाच, नदीला पसरायला जागा लागते. पण भर पावसात, पर्यायी छप्पर न देता घर पाडणं मला मान्य नाही. आणि पट्टा मोजायचाच तर टेप वरच्या बाजूच्या इमारतींपासून लावावी, तिथेही नदीच्या काठावर भिंती उभ्या आहेत.

'अजून हलवता येईल का?' असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असं आहे: राजधानी हलवता येते, शहर नाही. नायजेरियाने 1991 मध्ये लागोसहून अबुजाला कारभार नेला, लागोस तिथेच आहे आणि वाढतंच आहे. नैरोबीला पाणी मुरायच्या जागा वाचवाव्या लागतील, आणि त्या वाचवता येतात हे तिथे सिद्ध झालेलं आहे. 1989 मध्ये शहराच्या मध्यावरच्या उहुरू पार्क या बागेत साठ मजली टॉवर होणार होता. पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांनी तो थांबवला. दहा वर्षांनी शहरातल्याच करुरा जंगलासाठी त्यांनी मारही खाल्ला. त्यांना झाडांसाठी ओळखतात, पण माझ्यासारख्या माणसाला त्या जंगलाखालची मुरणारी जमीनही दिसते.

तिकडे गेलात तर एप्रिलमध्ये, पाऊस पडून गेल्यावर, रेल्वे स्टेशनपासून पायी निघा. आधी उहुरू पार्कवरून टेकडीकडे चढा आणि गटारातलं पाणी बघा, पळतं आणि बऱ्यापैकी स्वच्छ असतं. मग उलट दिशेने मुथुरवाच्या बाजारातून कारिओकोर, झिवानीकडे चाला. तासाभराचं अंतर आहे. बूट जुने घाला.